एकतीस पानं

मशीन माझं नाही, कॉलेजचं आहे.
मी झाकण उचलतो, पुस्तक पालथं ठेवतो, हिरवं बटण दाबतो.
भिंतीवर टिपणीस मॅडमनी लॅमिनेट करून लावलेला कागद:
पुस्तकाचे दहा टक्के. त्यावर एक पान नाही.
खाली परवान्याचा नंबर, त्याखाली मुदत, मार्चअखेर.
दर मार्चला मॅडम पैसे भरून घेतात
आणि तारखेवर नवी चिठ्ठी चिकटवतात.
चिठ्ठ्यांचा थर आता बोटाला लागतो.

पोरं हुज्जत घालतात.
काका, पेपर उद्या आहे. काका, हे पुस्तक कुठंच मिळत नाही.
काका, ऐरोली स्टेशनबाहेर अख्खं करून देतात, स्पायरलसकट.
जा मग स्टेशनबाहेर, मी म्हणतो.
टक्क्यांचं मला सांगू नका.
आमच्या घरी टक्के ताटात वाढलेले असायचे.

साडेबारा.
बाबांनी अंगठा दिला, खाजण सिडकोकडे गेलं, बांध गेले,
सातबाऱ्यावरचं नाव गेलं
आणि फायलीतून फिरून फिरून, पुष्कळ वर्षांनी,
साडेबारा टक्के परत आले,
भलत्याच सेक्टरात, जिथं आमच्यातलं कोणी
कधी पाय धुतले नव्हते.
कुठला तुकडा हवा, असं कोणी विचारलं नाही.

मंगळवारी खरोटे सर आले.
निवृत्त होऊन अकरा वर्षं. काठी नवी, पिशवी तीच.
हातात त्यांचंच पुस्तक, लायब्ररीचा शिक्का असलेलं:
खाडीच्या गाळावर पाया कसा घालायचा, त्याचं.
पानं तीनशे सोळा.
"घरची प्रत कोणी नेली आठवत नाही. पूर्ण काढून दे."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी परवाना काढला,
लेखकाला सूट आहे का, ते चष्मा लावून शोधलं.
नव्हती.
सर म्हणाले, "बरोबर आहे. हक्क मी देऊन टाकलेत.
सत्याऐंशी साली, तीन हजारात.
टाइप केलेला कागद होता, वाचला नाही. मुलीचं लग्न होतं."
आणि प्रकाशक?
"दुकान बसलं. तिथं आता मोबाइल विकतात.
हक्क कुठं गेले देव जाणे. माझ्याकडे नाहीत, एवढं नक्की."

दहा टक्के म्हणजे एकतीस पूर्णांक सहा.
त्या सहाचं काय करायचं, परवान्यात लिहिलेलं नाही.
सर खिडकीशी बसले, वर्तमानपत्राच्या चिठ्ठ्या फाडून
पानांत घालत.
मला वाटलं, सूत्रं घेतील, तक्ते घेतील.
पहिली चिठ्ठी अर्पणपत्रिकेत.
मग ऋणनिर्देश. मग एक फोटो, कमरेएवढ्या चिखलात चार पोरं, दोरी धरलेली.
मग एक सबंध प्रकरण.
"हे चुकलं होतं माझं. कसं चुकलं ते बघायचंय."

एकशे नव्वदावर नकाशा होता.
त्यात चिठ्ठी नव्हती, पानं उलटताना लागला.
बोअर घेतलेल्या जागा, काळे ठिपके, एक ते चौदा,
मधून तुटक रेघ: बांध.
सातव्या ठिपक्याशी रेघ कोपरासारखी वाकते.
तो वाक मला ठाऊक आहे. तिथं उघाडी होती.
उधाणाच्या रात्री बाबा तिथं कंदील घेऊन बसत,
सकाळी येत ते निवट्या घेऊन.

मी बोललो नाही. पान उलटलं.

एकतीस झाली, बासष्ट रुपये. सरांनी सुटे दिले.
रजिस्टरात नाव, दाखल अंक, पानं.
कारणाच्या रकान्यात सगळे लिहितात तेच त्यांनी लिहिलं,
वैयक्तिक अभ्यास.
पुस्तक मात्र टेबलावर ठेवून गेले, ते लायब्ररीचं.

मॅडम डबा खायला गेल्या.
मशीन अजून गरम होतं.

मग खालच्या ओळीत मी लिहिलं:
जनार्दन हिरू मढवी. पान एक.
दोन रुपये डब्यात टाकले.
कारणापाशी पेन अडलं.
सरांच्या अक्षराखाली दोन बारक्या रेघा ओढल्या,
म्हणजे, तेच.